हळदीकुंकवाच्या दिवशी बारनिशीचं टेबल

आई,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. मागच्या मंगळवारी मी तुझ्या जुन्या ऑफिसात गेले होते. कामासाठी गेले होते, तुझ्यासाठी नाही.
२. ऑफिसात संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं.
३. तुझ्या टेबलावर एक मुलगी एकटी बसली होती. नवरा नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी ती लागली. वयाने माझ्याहून लहान.
४. तिने मला मुलाखत दिली आणि संमतीपत्रावर सही केली.
५. गुरुवारी फोन करून तिने ती सही मागे घेतली.
६. शुक्रवारी मी आमच्या सरांना एक जुनी घटना सांगितली. सर म्हणाले, अहवालात मुलीच्या जागी हीच घाला. ती घटना तुझी आहे.
७. आज रविवार. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी अहवाल जायचा आहे.

एवढं अहवालाच्या भाषेत लिहिता आलं. पुढचं येत नाही, म्हणून पत्र.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते आणि इंजिनियर व्हायचं ठरलेलं होतं. ते झालं नाही. संख्याशास्त्र घेतलं, आणि बरं झालं, कारण मला माणसांपेक्षा माणसांच्या संख्या हाताळणं सोपं जातं. आता नगरला एका संशोधन प्रकल्पात काम करते. विषयाचं नाव लांबलचक आहे: सार्वजनिक क्षेत्रातल्या कामाच्या ठिकाणची समता, विविधता आणि समावेशन. हे ऐकून तू पोळी उलटता उलटता विचारलं असतंस, "म्हणजे नेमकं काय करतेस?" नेमकं असं करते: जिल्ह्यातल्या सरकारी ऑफिसांत जाते, तिथे कोण कोण कामाला आहे ते मोजते, आणि कुणाला कुठलं टेबल मिळतं, कुणाला कुठल्या बैठकीला बोलावतात, कुणाचा डबा कुणाबरोबर उघडतो, हे विचारते. लोक आधी बिचकतात. त्यांना वाटतं बदल्यांची यादी करायला आले. एका भाऊसाहेबांनी माझ्या सगळ्या प्रश्नांना मान हलवून नाही नाही म्हटलं, आणि शेवटी चहा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "लिहा ताई, आमच्याकडं भेदभाव अजिबात न्हाई. सगळ्यांवर सारखाच अन्याय हाय." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. समोर हसले नाही, बाहेर व्हरांड्यात येऊन हसले. हे तुझ्याकडून आलं आहे.

तुझं ऑफिस मी निवडलेलं नाही. कुठली ऑफिसं घ्यायची ते आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो, म्हणजे आवडनिवड मध्ये येत नाही. चिठ्ठी निघाली तेव्हा बदलून मागता आली असती. मी मागितली नाही. गावाचं नाव अहवालात लिहायचं नसतं, इथेही लिहीत नाही. सवय झाली आहे. तुला माहीत आहेच. गळीत हंगाम चालू असल्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि बस त्यांच्या मागे रांगत गेली. व्हरांड्यातला लाकडी बाक तिथेच आहे. कालव्याच्या पाण्याचे अर्ज घेऊन आलेले शेतकरी त्याच बाकावर, तसेच पाय वर घेऊन बसलेले. बारनिशीचं टेबल, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नोंद करायचं तुझं ते टेबल, खिडकीपासून हलवून दाराजवळ आणलं आहे. टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला. शिक्के मात्र लाकडी मुठीचेच.

बैठकीच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. दारातून एक बाई डोकावल्या. "अहो मॅडम, बाहेर काय उभ्या? या की आत!" मी कामाला आल्याचं सांगितलं. "कामं काय रोजचीच हायेत. लग्न झालंय का?" नाही म्हटलं. "मग तिळगूळ तरी घ्या. आन् हे बी राहू द्या." त्यांनी हातात मोबाईल उभा करून ठेवायचं प्लॅस्टिकचं स्टँड दिलं. यंदाचं वाण. मी म्हटलं, मला नको, कुणाला तरी कमी पडेल. "न्हाई हो. बायका मोजून मागवलं होतं, एक उरलंच." त्या सहज म्हणाल्या. माझं काम मोजण्याचं आहे, त्यामुळे ते एक कुणाचं उरलं होतं ते मला लगेच कळलं.

मुलगी टेबलावर होती. तिच्यासमोर तिचे कागद आणि शेजारी आणखी तीन ढीग, बाकीच्या टेबलांचे. एक म्हातारे शेतकरी काठी टेकून उभे.

"आज समद्या बाया कुठं गेल्या?"

"हळदीकुंकू हाय, बाबा."

"मंग तू का न्हाई गेली?"

तिने शिक्का शाईत दाबला. "मी गेले तर तुमचा अर्ज कोन घील?"

"व्हय, ते बी खरंय," म्हातारे म्हणाले, आणि पोच घेऊन गेले. तिने इतक्या सफाईने उत्तर दिलं की ते या टेबलावर आधी कुणीतरी दिलेलं असणार असं मला वाटलं.

गर्दी कमी झाल्यावर मी तिच्यासमोर बसले. संमतीपत्र वाचून दाखवलं. "नाव येनार न्हाई ना?" तिने विचारलं. येणार नाही, गावाचंही येणार नाही, असं सांगितलं. तिने सही केली. मग मी आमचा प्रश्न वाचला: ऑफिसातल्या सामूहिक कार्यक्रमांत तुम्हाला सहभागी करून घेतलं जातं का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. तिने तिन्ही उत्तरांवरून बोट फिरवलं. "ह्यात माझं बसत न्हाई, ताई. मला कुनी येऊ नको म्हनलेलं न्हाई. ये बी म्हनलेलं न्हाई. त्या दिवशी सकाळी समद्या आपापले कागद आनून माझ्या टेबलावर ठिवत्यात. 'जरा बघशील का' म्हनत्यात. त्येच समजून घ्यायचं."

आई, मी लिहीत होते, पेन थांबलं. तुझ्या टेबलावरही असेच ढीग यायचे. सकाळी, एकेक करून, प्रत्येक बाई हसून, जरा घाईत, "बघशील ना गं?" या प्रथेचा कुठे नियम नाही, कुणी कुणाला शिकवलेली नाही. इतक्या वर्षांत ऑफिसातली सगळी माणसं बदलली, कॉम्प्युटर आला, आणि ही एक गोष्ट हातातून हातात बरोबर पोचली.

मी विचारलं, वाईट वाटतं का. "कामाचं काय वाईट वाटायचं," ती म्हणाली. मग खोलीतून 'नाव घ्या, नाव घ्या' असा गलका झाला आणि कुणीतरी उखाणा घेतला. ती ऐकत होती. "मीटर चुकला," ती हळूच म्हणाली. "उखाना मला लई भारी येतो, ताई. लग्नात सासूबाईंनी तीनदा घ्यायला लावलेला. आता आमच्या ह्यांचं नाव निघतं ते कागदावर. 'मयत' लावून. तोंडानं घ्यायला जागाच न्हाई कुठं." आणि कागदावर शिक्का मारता मारता, माझ्याकडे न बघता, तिने म्हटलं:

"आवकचा शिक्का निळा, जावकचा शिक्का लाल,
…रावांचं नाव घेते, साहेब, जरा ऐकाल?"

नाव तिने स्पष्ट घेतलं. मी इथे लिहीत नाही. साहेब त्यांच्या केबिनमध्ये फोनवर दौऱ्याचं बोलत होते, त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं. मला 'वा' म्हणता आलं असतं. तसं म्हणायची मला सवय नाही. मी ते उरलेलं स्टँड पिशवीतून काढून विचारलं, "हे देऊ का? तुमचंच आहे." तिने दाराकडे बघितलं. "नगं. घेतलं तर म्हनतील, मागितलं हिनं." म्हणून ते माझ्याकडेच आहे.

परतीच्या बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि कंडक्टर "नगर, नगर" म्हणत होता. मला खिडकीजवळ जागा मिळाली. मी मुलाखत पुन्हा वाचायला काढली आणि वाचली नाही.

मला आपला ओटा आठवत होता. काळा, कडप्प्याचा. बाबा गेल्यावर तुला त्यांच्याच खात्यात अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची नोकरी मिळाली, पण ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची अट होती, नाहीतर नोकरी जाणार. घरी टाइपरायटर कुठून आणायचा? तू ओट्यावर खडूने कळा काढल्यास. एका बाजूला शेगडी, एका बाजूला कळा. कुकर होईपर्यंत तुझी बोटं त्या काळ्या दगडावर चालताहेत, आवाज न करता, आणि मी खाली बसून पाटीवर बेरजा करते आहे. फोडणीचं तेल उडालं की 'य' आणि 'र' पुसले जायचे. तू हात पुसून ते पुन्हा काढायचीस. मला वाटायचं सगळ्यांच्या ओट्यावर अशी अक्षरं असतात. मैत्रिणीच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईला विचारलं, "काकू, तुमची अक्षरं कुठे आहेत?" हे तुला सांगितल्यावर तू इतकी हसलीस की पोळी करपली. तुझं असं हसणं मला फार वेळा आठवत नाही. मोजण्याइतकं आहे, म्हणून मोजत नाही.

शाळा सुटली की मी तुझ्या ऑफिसात यायचे. हळदीकुंकवाच्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी मला खोलीत जायला मोकळीक होती, मुलगीच होते. ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत त्या सगळ्यांत जुन्या लिपिक माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या, तिळगूळ द्यायच्या, आणि निघताना वाणातली एक वस्तू हातात कोंबायच्या. "आईला दे हं." त्यांचा आवाज त्या वेळी जरा खाली जायचा. मी ती वस्तू दोन्ही हातांत धरून तुझ्या टेबलाशी यायचे. तू कागदातून मान वर न करता विचारायचीस,

"कुणाचं टपाल?"

"ऑफिसचं."

"हातपोच आहे का?"

"हो."

"मग सही घेतल्याशिवाय देऊ नका, शिपाईबाई." आणि माझ्या तळहातावर पेनाने छोटी सही करायचीस. एका वर्षी साबणाची डबी, एका वर्षी चिमटा, एका वर्षी चहाची गाळणी. गाळणी अजून माझ्या वापरात आहे. मला तेव्हा वाटायचं, आपल्या आईचं काम इतकं महत्त्वाचं आहे की तिला उठताच येत नाही, म्हणून वस्तू तिच्याकडे पाठवतात. ही समजूत तू कधी मोडली नाहीस. तू खोटं काही सांगितलं नाहीस. फक्त मला जे वाटत होतं ते राहू दिलंस.

मग नव्या मॅडम आल्या ते वर्ष. ऑफिसच्या प्रमुख म्हणून पहिल्यांदाच बाई आली होती. मी तेव्हा पाचवीत. मॅडम हळदीकुंकवाच्या खोलीकडे जाताना तुझ्या टेबलापाशी थांबल्या. ढिगांकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. "या इथे का बसल्यात? माझ्या ऑफिसात असला भेद चालणार नाही." आणि त्यांनी तुझं मनगट धरलं. तू "राहू द्या मॅडम, कागद आहेत" म्हणालीस. त्या म्हणाल्या, "कागद थांबतील." तुझ्या हातात शिक्का तसाच होता. मी मागून पळत आले.

तुला सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर बसवलं आहे. मॅडम स्वतःच्या हाताने तुला हळद लावतात, कुंकू लावतात. टाळ्या वाजतात. टाळ्या मनापासून आहेत. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आहे. आणि कुंकू लागलं की पुढे जे व्हायचं असतं तेच, केवळ जिभेच्या सवयीने, मागून कुणीतरी ओरडतं, "नाव घ्या, नाव घ्या!" आणखी दोघी-तिघी त्यात आवाज मिसळतात. मग एकेकीला कळतं. खोली गप्प होते. मॅडमच्या हातात गुलाबदाणी आहे, ती हवेत तशीच. मी दारात उभी आहे आणि मला कळत नाही की सगळ्या एकदम गप्प का झाल्या.

तू खाली बघत होतीस. मग मान वर केलीस आणि बाबांचं नाव घेतलंस. पूर्ण नाव: त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, आणि मागे हुद्दा. पेन्शनच्या आणि नोकरीच्या प्रत्येक कागदावर लिहायचीस तसंच, फक्त त्याच्या आधीचा 'मयत' हा शब्द वगळून. यमक नव्हतं. कुणी 'वा' म्हटलं नाही. तू उठलीस, "कागद पडलेत" म्हणालीस, आणि टेबलाकडे गेलीस. शिक्का अजून हातातच होता.

घरी येऊन तू मोरीत तोंड धुतलंस आणि चहा टाकलास. मी चिडले होते. त्या मॅडम वाईट आहेत, असं म्हणाले. तू माझ्यावर क्वचित आवाज चढवायचीस, तेव्हा चढवलास. "वाईट म्हणायचं नाही. बाई चांगल्या आहेत." तू गाळणी कपावर धरलीस, आणि मग, माझ्याशी नाही, गाळणीशी बोलावं तशी म्हणालीस, "विचारायला पाहिजे होतं. एवढंच."

"काय विचारायला?"

"दूध बघ, उतू जाईल."

एवढंच बोलणं झालं त्या दिवसाबद्दल. पुढच्या संक्रांतीपर्यंत मॅडम बदलून गेल्या होत्या, आणि सकाळी ढीग पुन्हा तुझ्या टेबलावर आले. मीही पुन्हा टपाल घेऊन आले. तळहातावर सही झाली.

मी मोठी झाल्यावर त्या दिवसाला 'अपमान' हे नाव देऊन टाकलं होतं. एकदा नाव दिलं की पुन्हा उघडून बघावं लागत नाही; माझ्या कामात याला वर्गीकरण म्हणतात. मंगळवारी त्या मुलीने शिक्का मारता मारता नवऱ्याचं नाव घेतलं, आणि माझं वर्गीकरण सुटलं. तुला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं, हे नक्की. पण नाव? नाव घेताना तुझा आवाज लहान झाला नव्हता. तुला नाव घ्यावं लागलं, की घ्यायला मिळालं? दोन्ही वाक्यांत फरक फार आहे, आणि तो ठरवता येईल असं माझ्याकडे काहीही नाही. तिथे हजर असलेली मी अकराच वर्षांची होते आणि गुलाबदाणीकडे बघत होते.

गुरुवारी मुलीचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता, बाहेर येऊन बोलत असावी. "ताई, माझं काढून टाका. रागावू नका."

मी म्हटलं, नाव नाही, गाव नाही.

"ताई, अख्ख्या ऑफिसात मी एकटीच हाय तशी. नाव कशाला लागतंय? वरून कागद आला आन् हळदीकुंकू बंद केलं, तर म्हनतील, हिच्यामुळं. मला तिथंच नोकरी करायचीय. अजून टायपिंगची परीक्षा बाकी हाय." मग ती म्हणाली, "तो उखाना बी काढा हं. उगा म्हनले मी."

मी काढते म्हणाले. काढलंही. इथे लिहिला आहे, पण हे पत्र कुणी वाचणार नाही.

ती बरोबर आहे, आणि तिचं भय आमच्या शास्त्राला चांगलंच माहीत आहे. तक्त्यातल्या ज्या रकान्यात एकच माणूस येतो, तो आम्ही छापत नाही. तिथे आडवी रेघ मारतो, म्हणजे त्या माणसाला कुणी ओळखू नये. नियम माणसाला जपण्यासाठी आहे आणि तो मी कधीही मोडलेला नाही. पण मागच्या दोन दिवसांत मी आमचे जुने तक्ते काढून बघितले, आणि मला त्यात सगळीकडे तुझी टेबलं दिसली. ऑफिसातली एकटी विधवा, एकटा अंध टेलिफोन ऑपरेटर, पारध्यांच्या वस्तीवरून आलेली एकटी शिपाई. ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग चालला आहे ते प्रत्येक ठिकाणी एकटेच असतात, आणि म्हणून प्रत्येक ठिकाणी रेघ. आम्ही त्यांना जपून अहवालाबाहेर ठेवतो. त्यांना कुणी येऊ नका म्हटलेलं नसतं.

शुक्रवारी सरांना सांगितलं की हळदीकुंकवाची मुलाखत गेली. सर हळहळले. त्यांच्या मते कागदांचे ते ढीग हे आमच्या सगळ्या सर्वेक्षणातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण होतं. ते आलं तर शिफारस करता येते, नाहीतर पुढच्या जानेवारीत ढीग पुन्हा येणार. "दुसरी कुणी नाही का? जुनी घटना असली तरी चालेल." मी तुझी सांगितली, नाव न घेता, मॅडमसकट. सरांनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाले, "ही घाला. संमती मिळेल ना?"

"त्या बाई हयात नाहीत, सर."

"मग जवळच्या नातेवाइकाची चालते. कोण आहे?"

"मुलगी आहे."

"भेटेल का?"

"भेटेल," मी म्हणाले. त्यापलीकडे मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

तर आता असं आहे. तुझी घटना घातली, तर ढिगांची गोष्ट अहवालात येते आणि ती मुलगी त्यात कुठेच दिसत नाही. कुणी विचारलंच, तर ती कितीतरी वर्षांपूर्वीची, गेलेल्या एका बाईची गोष्ट आहे. शिफारसही मी लिहून ठेवली आहे. हळदीकुंकू बंद करा असं त्यात नाही, सगळ्यांना ओढून आणा असंही नाही. ज्यांना गृहीत धरून कार्यक्रम ठरतो, त्यांना आधी, एकेकटीला, दार लावून विचारा, एवढंच. हे वाक्य सर माझं समजतात. ते तू गाळणी धरून म्हटलेलं आहे.

नाही घातली, तर रेघ. मुलगी सुरक्षित राहील, आणि ढीगही.

मी सही करू शकते. संमतीपत्र समोर आहे, 'नातेवाइकाचे नाव' आणि 'नाते' या दोन जागा तेवढ्या भरायच्या आहेत. पण तसं केलं तर मीही मॅडमनी केलं तेच करीन. चांगल्या हेतूने मनगट धरून, सगळ्यांच्या पुढच्या खुर्चीत. मोठ्या बाई अजून आहेत, वाचतीलही. त्या वेळच्या कुणालाही एका ओळीत तू ओळखू येशील. तू चांगलं म्हटलेल्या बाईंबद्दलही लोक बोलतील. आणि घटनेवर शीर्षक द्यावं लागतं. मी तिथे अजून काही लिहिलेलं नाही, कारण त्या खोलीत नेमकं काय झालं ते तुझं तुलाच माहीत.

म्हणून विचारते आहे. त्या मुलीच्या जागी एकदा बसशील का? हे मागणं तुला नवीन नाही, मला कळतं. दर संक्रांतीला तू दुसऱ्यांच्या टेबलावरचं काम आपल्याकडे घ्यायचीस, त्या सगळ्या हसत-खेळत खोलीत असायच्या आणि तू बाहेर टेबलावर. फरक करायचा मी एवढाच प्रयत्न करते आहे, की ढीग आणून ठेवण्याआधी विचारते आहे. आणि बसणार असशील, तर शीर्षक काय देऊ तेही सांग.

आता दुपार आहे. चहा केला, गाळणी धुऊन ठेवली. उरलेल्या वाणाच्या स्टँडवर फोन उभा करून ठेवला आहे. हे पत्र टपालात पडणार नाही, त्याच्यावर कुठला शिक्का बसणार नाही, हे मला माहीत आहे; मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. तू शिकवलं होतंस की कुणाकडून उत्तर हवं असेल तर खरी तारीख कधी सांगायची नाही, दोन दिवस आधीची सांगायची, कारण लोक उशीर करतात. अहवाल सोमवारी जातो. मधले शनिवार-रविवार मी मोकळे ठेवले आहेत. सरांना म्हटलं, शेवटची तपासणी करायची आहे. तपासणी झालेली आहे. ते दोन दिवस तुझ्या उशिरासाठी ठेवले आहेत.

येत्या शुक्रवारी, ऑफिस सुटायच्या वेळेपर्यंत कळव.